केर्गेलेन द्वीपसमूह

हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, 49° दक्षिण अक्षवृत्ताच्या आसपास असलेला हा द्वीपसमूह फ्रान्सच्या मालकीचा असून त्यात ‘ग्रांद तेर’ हे मुख्य बेट आणि सुमारे 300 लहानमोठी बेटे व खडक यांचा समावेश होतो. त्याचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 7,200 चौ. किमी. आहे. पोरबंदरहून सरळ दक्षिणेला निघालेल्या जहाजाला वाटेत कोठेही जमीन न लागता पहिली भेटतात ती हीच बेटे. ध्रुववृत्ताच्या बरीच अलीकडे असूनही अंटार्क्टिक समुद्राच्या थंड पाण्याचा प्रभाव असलेल्या अशा बेटांना उपध्रुवीय बेटे म्हणतात.

बेटांचा बहुतेक भाग बेसाल्टच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनलेला असल्याने त्यांच्या डोंगरांना दख्खनच्या पठारावर दिसतात तशाच पायऱ्या पडलेल्या आहेत. सोलापूर परिसरातील काळा पाषाण रेयुन्यों बेटाखालील तप्तबिंदूतून, म्हणजे भूकवचाखालून वर येणाऱ्या तप्त द्रव्याच्या स्थिर उगमातून, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. केर्गेलेनचा तप्तबिंदू निराळा असून झारखंडमधील राजमहाल टेकड्यांच्या लाव्ह्याशी त्याचा संबंध जोडला जातो. पुढे हिमनद्यांनी किनारा खोल कोरून काढल्याने समुद्राचे लांब, अरुंद फाटे (फ्योर्ड) जमिनीत शिरले आहेत. माँ रॉस हे सर्वोच्च शिखर 1,850 मी. उंच आहे, तर पश्चिमेकडील कुक हिमाच्छादन आता झपाट्याने आकसत आहे.

येथील सरासरी तापमान सुमारे 5° से. असून उन्हाळा व हिवाळा यांत फारसा फरक पडत नाही. संशोधन तळावरील वार्षिक वृष्टी सोलापूरच्या पावसाहून फार वेगळी नसली, तरी ती वर्षभर रिमझिम, गारा व हिम यांच्या रूपाने पडत राहते. पश्चिमेचे वारे जवळजवळ अखंड वाहतात आणि वादळात त्यांचा वेग ताशी 150 किमी.च्या पुढे जातो. झाड म्हणावे असे येथे एकही नाही, आणि काही माश्यांचे पंख या वाऱ्यामुळे उत्क्रांतीच्या ओघात नाहीसे झाले असावेत, असे मानले जाते. केर्गेलेन कोबी ही येथील प्रसिद्ध वनस्पती क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही रोगावर खलाशांना उपयोगी पडे.

या बेटांवर मूळची मानवी वस्ती कधीच नव्हती. ईव्ह-जोझेफ द केर्गेलेन या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने 1772 मध्ये ती पाहिली आणि स्वतः किनाऱ्यावर पाऊल न ठेवताच सुपीक दक्षिण खंड सापडल्याचे पॅरिसला कळवले. दुसऱ्या सफरीनंतर खरी स्थिती उघड झाली, त्याच्यावर खटला चालला व त्याला कारावास झाला. जेम्स कुक 1776 मध्ये येथे आला, तेव्हा त्याला हे बेट ‘उजाड’ म्हणण्याजोगे वाटले. तथापि सील व देवमाशांचे तेल मिळवणाऱ्यांना या उजाडपणाची अडचण वाटली नाही: एकोणिसाव्या शतकात त्यांनी येथील सील जवळजवळ संपवले, आणि 1908 मध्ये नॉर्वेच्या लोकांनी पोर-झान-दार्क येथे देवमाशांवर प्रक्रिया करण्याचे केंद्र उभारले. पोर-कुव्र्यो येथील मेंढपाळीचा प्रयत्नही 1931 च्या सुमारास सोडून द्यावा लागला.

माणसे निघून गेली, पण त्यांनी आणलेले प्राणी राहिले. शुक्राच्या अधिक्रमणाच्या निरीक्षणासाठी 1874 मध्ये आलेल्या ब्रिटिश मोहिमेने सोडलेल्या सशांनी कोबीचा मोठ्या प्रमाणावर फडशा पाडला, आणि विसाव्या शतकात आलेल्या मांजरांनी बिळात घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांवर ताव मारला. मानवी इतिहासाचा सर्वांत टिकाऊ वारसा म्हणून या प्राण्यांकडेच बोट दाखवावे लागते.

फ्रान्सने 1950 च्या सुमारास पोर-ओ-फ्रान्से येथे कायमचा संशोधन तळ उभारला असून हिवाळ्यात तेथे पन्नासाच्या आसपास माणसे राहतात. विमानतळ नसल्याने रेयुन्योंहून वर्षातून काही वेळा येणाऱ्या ‘मारियों द्युफ्रेन’ जहाजावरच त्यांची सारी भिस्त असते. युनेस्कोने 2019 मध्ये या बेटांचा व शेजारच्या समुद्राचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.