सोल्सव्हिलची वाटचाल : मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्सची कहाणी

मिसिसिपी नदीकाठच्या मेम्फिस शहरात १९५७ साली जिम स्ट्यूअर्ट या तरुणाने ‘सॅटेलाइट रेकॉर्ड्स’ ही छोटी ध्वनिमुद्रण कंपनी सुरू केली. हीच कंपनी पुढे ‘स्टॅक्स’ या नावाने जगभर ओळखली गेली. अमेरिकन सोल संगीताचा इतिहास सांगताना डेट्रॉइटच्या ‘मोटाऊन’बरोबर मेम्फिसच्या ‘स्टॅक्स’चे नाव अपरिहार्यपणे येते. स्टॅक्स संग्रहालयाच्या नोंदीनुसार, सुमारे पंधरा वर्षांत या संस्थेची १६७ गाणी अमेरिकेतील पहिल्या शंभर लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आणि २४३ गाणी रिदम अँड ब्लूजच्या यादीत झळकली. हे यश मिळाले ते एका जुन्या चित्रपटगृहातून आणि बहुतांशी आसपासच्या गल्ल्यांत वाढलेल्या मुलामुलींच्या बळावर.

जिम स्ट्यूअर्ट दिवसा बँकेत नोकरी करीत आणि फावल्या वेळात ग्रामीण ढंगाच्या कंट्री संगीताच्या वाद्यवृंदात फिडल वाजवीत. कृष्णवर्णीयांच्या संगीताशी त्यांचा त्या वेळी फारसा परिचय नव्हता. एका नातेवाइकाच्या गॅरेजमध्ये त्यांनी पहिली ध्वनिमुद्रणे केली. साधने अपुरी होती आणि भांडवल तर जवळजवळ नव्हतेच. १९५८ मध्ये त्यांच्या थोरल्या भगिनी एस्टेल ॲक्स्टन यांनी आपले घर गहाण ठेवून अँपेक्स कंपनीचे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन दिले. एका मध्यमवर्गीय स्त्रीने घेतलेली ही जोखीम संस्थेचे खरे पहिले भांडवल ठरली.

१९६० साली संस्थेने दक्षिण मेम्फिसमधील ९२६ ईस्ट मॅकलेमोर अव्हेन्यू येथील बंद पडलेले ‘कॅपिटल’ चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढल्या गेल्या, प्रेक्षागृहात मुद्रणाची सोय झाली, पण उतरती जमीन सपाट करण्याइतका पैसा नव्हता. ती तशीच राहिली आणि त्या उतारामुळे, तसेच उंच छतामुळे तिथल्या ध्वनीला एक वेगळाच भरीवपणा आला. पूर्वी जेथे खाद्यपदार्थ विकले जात, तेथे एस्टेल ॲक्स्टन यांनी ध्वनिमुद्रिकांचे दुकान थाटले. दुकानाच्या उत्पन्नातून स्टुडिओचा खर्च निघू लागला. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, नव्या गाण्याची कच्ची प्रत दुकानात वाजवून गिऱ्हाइकांची दाद अजमावता येई. मुलांचे पाय कशावर थिरकतात आणि कशावर थांबतात, याची नोंद एस्टेल काळजीपूर्वक ठेवीत.

परिसर झपाट्याने कृष्णवर्णीयांचा होत होता आणि संस्थेने आपले दार त्यांच्यासाठी उघडे ठेवले. त्याच वर्षी रूफस थॉमस आपली कन्या कार्ला हिला घेऊन आले. दिवसा कापडगिरणीत काम करणारे रूफस हे ‘डब्ल्यूडीआयए’ या कृष्णवर्णीय श्रोत्यांना वाहिलेल्या आकाशवाणी केंद्राचे लोकप्रिय निवेदक होते. बापलेकीच्या ‘कॉज आय लव्ह यू’ या युगुलगीताची आसपासच्या भागात चांगली विक्री झाली आणि न्यूयॉर्कच्या ‘अटलांटिक रेकॉर्ड्स’चे जेरी वेक्सलर यांनी वितरणाचा करार केला. पाठोपाठ कार्लाचे ‘जी व्हिझ’ १९६१ मध्ये राष्ट्रीय यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी ‘मार-कीज’ या वाद्यवृंदाच्या ‘लास्ट नाइट’ने तिसरा क्रमांक गाठला. याच सुमारास कॅलिफोर्नियात ‘सॅटेलाइट’ नावाची दुसरी कंपनी असल्याचे उघड झाले. तेव्हा स्ट्यूअर्ट आणि ॲक्स्टन या आडनावांची पहिली अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव घेण्यात आले.

१९६२ च्या उन्हाळ्यात संस्थेला आपला आवाज सापडला. एका नियोजित गायकाचे मुद्रण पार पडल्यावर हाताशी वेळ उरला होता, तेव्हा चार वादकांनी सहज वाजवायला घेतलेल्या धुनेतून ‘ग्रीन अनियन्स’ जन्माला आली. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स होता. तो तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर लुई स्टाइनबर्ग आणि ड्रमवर अल जॅक्सन ज्युनिअर. ही धून रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेली. ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ या नावाने ओळखला जाणारा हा संच पुढे स्टॅक्सच्या बहुतेक गाण्यांचा कणा बनला. काही वर्षांत बेसची जागा डोनाल्ड ‘डक’ डन यांनी घेतली आणि दोन कृष्णवर्णीय व दोन गौरवर्णीय वादक रोज एकत्र बसून संगीत घडवू लागले. ज्या शहरात या चौघांना अनेक खाणावळींत एका टेबलावर जेवता येत नव्हते, त्या शहरात हे घडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संचाचे महत्त्व कळते.

त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील मेकनहून आलेल्या एका वाद्यवृंदाच्या गाडीचा चालक म्हणून ओटिस रेडिंग स्टॅक्समध्ये दाखल झाला. मुद्रण आटोपल्यावर मिळालेल्या थोड्या वेळात त्याने ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ गायले आणि ‘व्होल्ट’ या संस्थेच्या उपशाखेला तिचा सर्वांत मोठा गायक मिळाला. स्टॅक्सच्या कार्यपद्धतीशी रेडिंगचे सूर जुळले. येथे स्वरलेखन करून वाद्यमेळ रचण्याची प्रथा नव्हती. सर्वजण एकाच दालनात, एकाच वेळी वाजवीत आणि गाणे जागच्या जागी आकार घेई. पितळी वाद्यांनी काय वाजवायचे, हे रेडिंग तोंडाने गुणगुणून वेन जॅक्सन आणि अँड्र्यू लव्ह यांना सांगत असे. १९६५ मध्ये विल्सन पिकेटच्या ‘इन द मिडनाइट अवर’च्या वेळी वेक्सलर यांनी तरुणाईचा तत्कालीन नाच करून दाखवला. त्यावरून क्रॉपर आणि जॅक्सन यांनी दुसऱ्या व चौथ्या मात्रेचा आघात किंचित उशिरा द्यायला सुरुवात केली. हा रेंगाळता आघात पुढे मेम्फिसच्या संगीताची खूण झाला.

गीतलेखनाची धुरा आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर या जोडीने उचलली. कापसाच्या शेतांच्या मुलखात, आजीआजोबांच्या घरी गरिबीत वाढलेले हेज मांस प्रक्रिया कारखान्यात राबलेले होते. पोर्टर स्टुडिओसमोरच्या किराणा दुकानात नोकरी करीत. सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर या गायकद्वयासाठी त्यांनी रचलेले ‘होल्ड ऑन, आय’म कमिन’’ १९६६ मध्ये रिदम अँड ब्लूज यादीत अव्वल ठरले. पुढच्याच वर्षी ‘सोल मॅन’ त्या यादीत पहिले, तर सर्वसाधारण यादीत दुसरे आले. एडी फ्लॉइडच्या ‘नॉक ऑन वुड’नेही १९६६ मध्ये अव्वल स्थान मिळवले. याच काळात अल बेल प्रसिद्धी आणि विक्रीची जबाबदारी सांभाळू लागले. आकाशवाणीवरील निवेदनाचा अनुभव असलेल्या बेल यांनी देशभरातील केंद्रांशी संधान बांधले. मोटाऊनच्या इमारतीवर ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ अशी पाटी होती. स्टॅक्सने जुन्या चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावर ‘सोल्सव्हिल यू.एस.ए.’ अशी अक्षरे अभिमानाने लावली.

१९६७ च्या वसंतात स्टॅक्सच्या कलावंतांनी युरोपचा दौरा केला. घरी अपमानाची सवय झालेल्या कलावंतांचे तेथे भरगच्च सभागृहांनी स्वागत केले. जूनमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे महोत्सवात रेडिंगने तरुण गौरवर्णीय श्रोत्यांना जिंकले. यशाचा हा चढ सुरू असतानाच घाला पडला. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे मोनोना सरोवरात विमान कोसळून सव्वीस वर्षांचा रेडिंग आणि त्याला साथ करणाऱ्या ‘बार-केज’ या वाद्यवृंदातील चार तरुण मृत्युमुखी पडले. विमानातून एकटा बेन कॉली वाचला. काही दिवसांपूर्वीच मुद्रित झालेले ‘द डॉक ऑफ द बे’ क्रॉपर यांनी जड अंतःकरणाने पूर्ण केले. १९६८ मध्ये ते सर्वसाधारण यादीत पहिले आले. गायकाच्या निधनानंतर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले ते पहिलेच गाणे होय.

१९६८ हे वर्ष संस्थेच्या इतिहासातील सर्वांत कठीण वर्षांपैकी एक होते. ‘अटलांटिक’ कंपनी वॉर्नरच्या ताब्यात गेली, तेव्हा १९६५ च्या वितरण करारातील एक कलम उजेडात आले. त्या कलमानुसार, अटलांटिकने वितरित केलेल्या सर्व ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडेच राहिली. स्ट्यूअर्ट यांनी तो करार विश्वासाने, बारकाईने न वाचता स्वाक्षांकित केला होता. आठ वर्षांचे संचित असे एका कागदाने हातचे गेले. सॅम आणि डेव्हही अटलांटिककडे परतले. ४ एप्रिल रोजी मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी ते शहरात आले होते. ज्या मोटेलमध्ये स्टॅक्सचे कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय कलावंत निर्धास्तपणे एकत्र बसत आणि गाणी रचत, तेथेच हे घडले. या आघाताचा व्रण संस्थेच्या आतील नात्यांवरही उमटला.

संस्था मात्र थांबली नाही. मे १९६८ मध्ये ती ‘गल्फ अँड वेस्टर्न’ या उद्योगसमूहाला विकण्यात आली आणि अल बेल यांनी गमावलेला संग्रह नव्याने उभारण्याचा चंग बांधला. जॉनी टेलरच्या ‘हूज मेकिंग लव्ह’ने त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रती खपवून धीर दिला. १९६९ च्या मध्यावर तब्बल २७ अल्बम एकत्र प्रकाशित करण्यात आले. यांत आयझॅक हेज यांचा ‘हॉट बटर्ड सोल’ अनपेक्षितपणे सर्वांच्या पुढे गेला. त्यात चारच गाणी होती आणि त्यांतील एक अठरा मिनिटांहून मोठे होते. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडणारा हा अल्बम रिदम अँड ब्लूज आणि जॅझ या दोन्ही याद्यांत पहिला, तर सर्वसाधारण यादीत आठवा आला. याच सुमारास एस्टेल ॲक्स्टन संस्थेतून बाहेर पडल्या. १९७० मध्ये स्ट्यूअर्ट आणि बेल यांनी कर्ज काढून संस्था पुन्हा आपल्याकडे घेतली.

पुढील तीन वर्षे वैभवाची ठरली. १९७१ मध्ये जीन नाइटचे ‘मिस्टर बिग स्टफ’ रिदम अँड ब्लूज यादीत पहिले आले. हेज यांचे ‘शाफ्ट’ चित्रपटाचे शीर्षकगीत सर्वसाधारण यादीत अव्वल ठरले आणि १९७२ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट मूळ गीताचे ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणारे हेज हे पहिले कृष्णवर्णीय संगीतकार होत. स्टेपल सिंगर्स या कुटुंबाने भक्तिसंगीताचा वारसा सोलमध्ये मिसळून ‘आय’ल टेक यू देअर’ हे गीत १९७२ मध्ये दोन्ही याद्यांत पहिल्या स्थानी नेले. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिसियममध्ये ‘वॉटस्टॅक्स’ हा संगीतमहोत्सव झाला. वॉट्स वस्तीत १९६५ मध्ये उसळलेल्या उद्रेकाच्या स्मरणार्थ योजलेल्या या कार्यक्रमाचे तिकीट, गरिबातल्या गरिबाला येता यावे म्हणून, फक्त एक डॉलर होते. सुमारे एक लाख श्रोते जमले.

त्याच वर्षी स्ट्यूअर्ट यांनी आपला हिस्सा बेल यांना विकला आणि वितरणासाठी ‘सीबीएस’शी करार झाला. तो करार घडवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस १९७३ मध्ये सीबीएसमधून दूर झाले आणि संबंध बिघडत गेले. तबकड्या दुकानांपर्यंत पोहोचेनात, येणी थकली, बँकेचे कर्ज वाढले. कर्मचाऱ्यांनी पगाराविना काम केले. स्ट्यूअर्ट यांनी संस्था वाचवण्यासाठी आपले राहते घर तारण ठेवले आणि ते गमावले. ऑक्टोबर १९७५ मध्ये अल जॅक्सन यांची हत्या झाली. १९ डिसेंबर १९७५ रोजी दिवाळखोरी न्यायालयाच्या आदेशाने स्टॅक्सला टाळे लागले. बँकेच्या फसवणुकीच्या आरोपातून बेल यांची १९७६ मध्ये निर्दोष मुक्तता झाली, परंतु तोवर संस्था संपुष्टात आली होती. १९७७ मध्ये उरलेली ध्वनिमुद्रणे ‘फँटसी’ कंपनीने घेतली. इमारत नाममात्र दहा डॉलरला एका चर्चकडे गेली आणि १९८९ मध्ये पाडली गेली.

गाणी मात्र लोकांच्या कानात राहिली. हिप-हॉपच्या पिढीने स्टॅक्सच्या जुन्या तबकड्यांतून आपले ताल घेतले. वू-टँग क्लॅनच्या ‘क्रीम’मागे चार्मेल्सचे १९६७ चे गाणे आहे, तर सॉल्ट-एन-पेपाच्या ‘व्हॉटा मॅन’मागे लिंडा लिंडेलचे १९६८ चे गाणे आहे. मेम्फिसमध्येही माजी कर्मचारी, कलावंत आणि नागरिक एकत्र आले. २००० साली ‘स्टॅक्स म्युझिक अकादमी’ सुरू झाली. २ मे २००३ रोजी मूळ जागेवर, त्याच दर्शनी रूपात, उतरत्या जमिनीसह ‘स्टॅक्स म्युझियम ऑफ अमेरिकन सोल म्युझिक’ उघडले. २००५ मध्ये सोल्सव्हिल चार्टर स्कूल सुरू झाले. २००४ मध्ये फँटसीचा संग्रह घेणाऱ्या ‘कॉन्कॉर्ड’ने सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास स्टॅक्सच्या नावाने पुन्हा नवे संगीत प्रकाशित करायला सुरुवात केली.

या उभारणीत डीनी पार्कर यांचा वाटा मोठा आहे. साठच्या दशकाच्या आरंभी त्या विद्यार्थिनी असताना गाण्याच्या स्पर्धेतून स्टॅक्समध्ये आल्या. त्यांनी ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात काम केले, गीते लिहिली, संस्थेची प्रसिद्धी सांभाळली आणि पुढे संग्रहालय व अकादमी उभी करण्यात पुढाकार घेतला. स्टॅक्सच्या गीतकारांनी केलेल्या कच्च्या मुद्रणांचा ‘रिटन इन देअर सोल’ हा सात सीडींचा संच २०२३ मध्ये त्यांच्या सहभागाने प्रकाशित झाला आणि २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

एस्टेल ॲक्स्टन यांचे २००४ मध्ये, आयझॅक हेज यांचे २००८ मध्ये आणि जिम स्ट्यूअर्ट यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांनी ज्या वस्तीत काम आरंभले, त्याच वस्तीतील मुले आज मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या अकादमीत गायन, वादन आणि ध्वनिमुद्रण शिकतात. करार, कर्ज आणि न्यायालयाचा आदेश यांनी एक कंपनी बंद पडली, पण शेजारच्या मुलाला दार उघडून देण्याची तिची रीत चालू राहिली. स्टॅक्सची सर्वांत मोठी मिळकत हीच आहे.