रानाची राखण आणि वहीतलं नाव



हरभरा घाट्याला आला की आपल्या घरोघरी एकच प्रश्न असतो, रात्री राखणीला कोण जाणार? दिवसा पाखरं, रात्री रानडुकरं, पहाटे हरणं. बांधावर शेकोटी करायची, पत्र्याचा डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, असं करून आपल्या आज्यांनी पिकं राखली. पण या राखणीत आणखी एक माणूस होता, त्याचं नाव आपण कधी घेत नाही. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. त्याआधी आमच्या गटात घडलेली एक गोष्ट सांगते. त्यात माझीही चूक आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मासिक बैठकीला एक बाई दारात येऊन उभी राहिली. गावाबाहेरच्या माळावर फासेपारध्यांची पाच-सहा घरं आहेत, तिथली. म्हणाली, "ताई, माझंबी नाव घाला वहीत. महिन्याचे शंभर मीबी टाकीन." सगळ्या गप्प. मग एकजण हळूच म्हणाली, "यांचं नाव घातलं तर बँक आपल्यालापण कर्ज द्यायची नाही." दुसरी म्हणाली, "आज हितं, उद्या कुठं, भरवसा काय?" मी समन्वयक. बोलायचं काम माझं होतं. मी वही मिटली आणि म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू." ती काही न बोलता गेली.

घरी जाताना आमच्या एका ताईच्या रानात बॅटरीचा उजेड दिसला. हरभऱ्याची राखण चालली होती. राखणीला होता त्याच बाईचा नवरा. म्हणजे चार एकर रान रात्रभर त्याच्या भरवशावर सोडायला आम्ही तयार होतो, पण शंभर रुपयांच्या वहीत त्याच्या बायकोचं नाव नको होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, पण त्यात हे प्रकरण कुठे आलं नव्हतं. मग शोधून वाचलं, वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलले. ते आज तुम्हाला सांगते.

पारध म्हणजे शिकार, पारध करणारा तो पारधी. आणि फास म्हणजे तुम्हाला माहीत असलेला सरकता फासच. एका लांब दोरीला ओळीने फास बांधायचे, खुंट्या मारून ती दोरी जनावराच्या वाटेवर लावायची, आणि दुसऱ्या बाजूने कळप हळूहळू तिकडे वळवायचा. तित्तरासाठी छोटे फास, हरणासाठी मोठे. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवला की तो ओरडतो. रानातला तित्तर भांडायला धावून येतो आणि फासात अडकतो. काहीजण गाय किंवा बैल शिकवून तयार करायचे. त्याच्या आडून चालत गेलं की हरणं बुजत नाहीत. बंदूक नाही, आवाज नाही. कोणतं पाखरू कधी पाण्यावर येतं, डुकराची वाट कोणती, हे सगळं तोंडपाठ.

यांच्यातच एक शाखा टाकणकारांची. जात्याला टाकी लावायला जी माणसं दारावर यायची ती तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असतील. जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही, मग टाकी लावून घ्यायची. ते काम टाकणकार करायचे. म्हणजे ज्या भाकरीवर आपण वाढलो, तिच्या पिठाशीही या माणसांचा हात लागलेला आहे.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांनी जणू रान वाटून घेतलं होतं. फासेपारध्यांचा भर हरणं आणि पाखरांवर. नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर, साळिंदर यांच्यामागे. वैदू छोट्या मांसाहारी जनावरांमागे. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. आणि फासात गाभण हरणी किंवा पाडस अडकलं तर फासेपारधी ते सोडून द्यायचे. पुढच्या वर्षी रानात काही उरायला हवं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग ही माणसं गुन्हेगार कधी झाली? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या कायद्यानंतर साऱ्या ब्रिटिश मुलखात लागू करता येऊ लागला. या कायद्याने एखाद्या माणसाने काय केलं ते बघायचं सोडून तो कोणत्या जमातीत जन्मला ते बघितलं. अख्ख्या जमातीची नोंद पोलिसांच्या दफ्तरात व्हायची. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ज्यांचं पोटच फिरण्यावर, त्यांच्यावर ही बंदी. सोलापुरात अशा जमातींना ठेवण्यासाठी काटेरी तारांचं कुंपण घालून वसाहत केली होती. त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. ज्यांनी जन्मभर फास लावले, त्यांच्याच भोवती सरकारने तार ओढली.

आणि याच काळात साहेब लोक आणि राजेरजवाडे हौसेने शिकार करत होते. मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढत होते. जनावर मारणं हा एकाचा छंद, दुसऱ्याचा गुन्हा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र वेगळं केलं. त्यांनी फासेपारध्यांना जवळ बोलावलं, कामं दिली, पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना जग चोर म्हणत होतं, त्यांच्याच हाती त्यांनी राखण दिली.

देश स्वतंत्र झाला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण कागदावरून गेलेलं गावाच्या तोंडातून जात नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात फास लावणं, सापळ्यात पकडणं हेही शिकारीतच धरलेलं आहे. कायदा गरजेचा होता, कारण रानं उजाड झाली होती, हरणं, माळढोक कमी झाले होते. पण फासावर पोट असणाऱ्याने दुसऱ्या दिवशी काय खायचं, याची सोय त्याबरोबर झाली नाही. काहीजण मजुरीला लागले, काही राखणीला, काही भीक मागायला. चोरट्या शिकारीच्या धंद्यात काहीजण ओढले गेले, हेही खरं. ते लपवून मी बोलणार नाही. पण चारजणांमुळे सगळी वस्ती चोर ठरवायची, तर तो १८७१ चाच कायदा आपण परत चालवतोय.

याच देशात दुसरा रस्ताही निघाला. तमिळनाडूत इरुळा नावाचा समाज आहे. साप आणि शेतातले उंदीर पकडण्यात हुशार. सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाल्यावर त्यांचंही पोट गेलं. १९७८ मध्ये त्यांनी सहकारी सोसायटी काढली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं पकडायचं, विष काढायचं आणि साप परत रानात सोडायचा. ते विष सर्पदंशाचं औषध करणाऱ्या कारखान्यांना जातं. रानात साप चावल्यावर आपल्याला जे इंजेक्शन देतात, त्याच्यामागे या माणसांचे हात आहेत. २०२३ मध्ये त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना पद्मश्री मिळाली. कसब तेच होतं. सोसायटी झाली, हिशेबाची वही झाली, म्हणून त्या कसबाला मान मिळाला.

आता आपल्याकडे बघू. डुकरांचा त्रास वाढलाय हे कुणी नाकारत नाही. पण आपणच काय करतो? कुंपणात वीज सोडतो, त्यात माणसं मेली आहेत. गाडीच्या क्लचची वायर घेऊन फासकी लावतो आणि घरी येऊन झोपतो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, शेजाऱ्याचं वासरू अडकतं. उंदराचं काळं औषध पिठात कालवून उरलेली पुडी फळीवर ठेवतो, जिथे लेकरांचा हात पोचतो. जुना पारधी फास लावून जवळ बसायचा, काय अडकलं ते बघायचा, नको ते सोडायचा. वायर काही बघत नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. भांडण झालं. दोघीजणी गट सोडून गेल्या, त्यातली एक अजून माझ्याशी बोलत नाही. बाकीच्यांनी त्या बाईचं नाव घातलं. तिचे कागद जमवायला सात महिने लागले. पारधी अनुसूचित जमातीत आहेत, पण जातीच्या दाखल्याला १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात. पालात राहणाऱ्याकडे असा कागद कुठून येणार? तिचे सासरे हसून म्हणाले, "आमचं नाव त्या वक्ताला एकाच वहीत हुतं बाई, पोलिसाच्या."

आज ती आमच्या वहीत अकराव्या नंबरवर आहे. पहिलं कर्ज घेतलं, दोन शेळ्या घेतल्या, एकही हप्ता चुकवला नाही. तरी पहिले काही महिने तिचे पैसे मी दोनदा मोजायची. बाकीच्यांचे एकदाच. ते तिच्या लक्षात आलं होतं, हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

तुमच्या गावाच्या कडेला अशी वस्ती असेल, तर या ३१ ऑगस्टला तिथल्या एका बाईला बैठकीला बोलवा. आधी चहा द्या, मग विचारा, रानाची राखण कशी करायची. ती सांगेल ते वहीत लिहून घ्या, आणि त्याच वहीत तिचं नावही लिहा.