जालना जिल्ह्यातील रुग्णवहनाची लोकपरंपरा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठवाड्याच्या आरोग्यविषयक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने दवाखाने, साथीचे रोग व शासकीय योजना यांच्या अंगाने झालेले आहे. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचला कसा, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेला हा प्रदेश १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा बनला. जालना शहरात इंग्रजी अमदानीत लष्करी छावणी होती, मिशनचा दवाखाना झाला, रेल्वेही आली. परंतु या सोयी शहरापुरत्या राहिल्या. पूर्णा व दुधना नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचे चाक रुतून बसे. अशा वेळी अडलेली बाळंतीण असो वा सर्पदंशाचा रुग्ण, त्याला बाजेवर निजवून गावातील तरुण आळीपाळीने खांदा देत. प्रेताला आणि रुग्णाला एकाच शब्दाने खांदा दिला जातो, ही बाब या वहनातील अनिश्चितता पुरेशी स्पष्ट करते.

या श्रमाला मोबदला नव्हता. शेतीतील इर्जिकीप्रमाणे तो परतफेडीच्या भरवशावर चाले. मात्र त्याचे अवास्तव उदात्तीकरण करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. जातीने विभागलेल्या गावात गावकुसाबाहेरील रुग्णाला बहुधा त्याच्याच वस्तीतील खांदे मिळत. म्हणजे ही सेवा ऐच्छिक होती, सार्वत्रिक नव्हती. येथे एक संदर्भ नोंदवावासा वाटतो. १८९९-१९०० मध्ये बोअर युद्धात गांधीजींनी उभारलेल्या भारतीय रुग्णसेवा पथकात सुमारे ११०० स्वयंसेवक होते, आणि त्यांचे मुख्य कार्यही जखमींना डोलीतून वाहून नेणे हेच होते. स्वयंसेवी रुग्णवाहिकेचा आरंभ वाहनाने नव्हे, माणसांनी झाला.

१९७२ च्या दुष्काळात मजुरांनी खडी फोडून जे रस्ते तयार केले, त्यांनी हे चित्र हळूहळू पालटले. पुढे काळी-पिवळी जीप ही खेड्याची अनौपचारिक रुग्णवाहिका ठरली. चालक ओळखीचा असे, रात्री दार वाजवले की उठे, भाडे सुगीपर्यंत थांबे. तिच्यात प्राणवायू नव्हता, प्रशिक्षित मनुष्य नव्हता, आणि जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवरील औरंगाबादच्या घाटी रुग्णालयापर्यंतचा प्रवास रुग्णाला बाकावर आडवे पडून करावा लागे.

त्यानंतर मंडळे, देवस्थाने व लोकप्रतिनिधी यांनी रुग्णवाहिका देण्याची प्रथा रूढ झाली. लोकार्पणाचा समारंभ थाटात होतो. अडचण नंतरची असते. वाहन एकदाच मिळते, पण डिझेल, विमा, टायर आणि चालकाचा पगार दरमहा लागतो. वर्गणी पहिल्या वर्षी उत्साहाने जमते, दुसऱ्या वर्षी मागावी लागते. दुष्काळी वर्षात तर देणाऱ्याचाच हात आखडतो आणि नेमके त्याच वर्षी आजारपण वाढते. दोन चालक नसतील तर रात्रीची सेवा कागदावरच राहते. स्वयंसेवी सेवेचे खरे संकट येथे आहे, औदार्याच्या अभावात नाही.

२६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि वाहनात डॉक्टर असण्याची सोय प्रथमच ग्रामीण भागाला मिळाली. तथापि वाहन येईपर्यंतचा वेळ गावालाच सांभाळावा लागतो. अपघातग्रस्ताला हात लावावा की नाही, हा संभ्रम त्यात भर घाली. पोलीस चौकशी व साक्षीचा फेरा हे त्याचे कारण होते. मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. २०२१ मध्ये महामार्ग पोलिसांनी राज्यात ‘मृत्युंजय दूत’ उपक्रम सुरू केला. त्यात महामार्गालगतच्या गावांतील व ढाब्यांवरील लोकांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण व स्ट्रेचर देण्याची योजना होती. बाजेची जागा स्ट्रेचरने घेतली; उचलणारे हात गावातलेच राहिले.