सह्याद्री : डोंगर की काठ?

सह्याद्रीला आपण पर्वत म्हणतो ते कोकणातून मान वर करून. देशावरून कोणी पश्चिमेकडे चालू लागला तर पर्वत चढल्यासारखे त्यास फारसे वाटत नाही. जमीन हळूहळू उंचावत जाते आणि एकाएकी पायांखालून संपते. भूशास्त्राचेही म्हणणे हेच. हिमालय घड्या पडून वर आला. आपला सह्याद्री हा दख्खनच्या पठाराचा झिजलेला पश्चिम काठ आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर पसरत गेला. पुढे पश्चिमेचा किनारा भंगला आणि तुटलेला कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आला.

किल्ल्यांचे मूळ या थरांत आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराची उतरण होते. त्यामुळे बालेकिल्ला आणि त्याखाली माच्या ही राजगडासारखी रचना बांधणाऱ्याला निम्मीअधिक आयतीच मिळाली. तट घालायचा तो कडा जेथे चढण्याजोगा असेल तेथे. कठीण काम होते पाण्याचे. आकाशातून चार महिने कोसळणारे पाणी पुढचे आठ महिने पुरवायचे, म्हणून खडकात टाकी खोदावयाची. तोफांपेक्षा टाक्यांवरून किल्ल्याची पारख करावी, असे आम्हांस वाटते.

आणि पाऊस तरी कसा! नैऋत्येचे वारे कड्याशी वर चढतात, निवतात आणि तेथेच रिते होतात. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. पुण्यास यावे तो ७०० च्या आसपास. त्याच्याही पूर्वेचा माणदेश कोरडाच.

सह्याद्रीने स्वराज्य दिले, असे सभांतून म्हणण्याची रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही. जावळीचे खोरे पिढ्यान्‌पिढ्या मोऱ्यांकडे होते. तेच १६५६ साली शिवाजीमहाराजांच्या हाती आले आणि १६५९ मध्ये अफझलखानाला तेथे यावे लागले. १६६१ साली कारतलबखानाची फौज घाट उतरताना उंबरखिंडीत कोंडली गेली, ती खिंडीने नव्हे. खिंड कोठे अरुंद होते हे जाणणाऱ्यांनी. उलट १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, आणि १८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या तोफांपुढे पडला. कडे तेच होते. डोंगर कोणाचाच पक्षपाती नसतो. सातवाहनांनी नाणेघाटातील लेण्यात आपला लेख कोरला तो वाट हाती होती म्हणून. कल्याण-सोपाऱ्याचा माल त्याच वाटेने जुन्नरास चढत होता.

घाटांचे महत्त्व आगगाडीने पालटले. १८६३ साली बोरघाटातून रूळ वर आले. तेव्हापासून या काठाचा झगडा वाटांपेक्षा पाण्याचा झाला. कृष्णा उगम पावते तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर. पण ती वाहते पूर्वेला, पार बंगालच्या उपसागरापर्यंत. या उताराविरुद्ध पाणी कड्यावरून पश्चिमेस सोडले तर वीज मिळते, हे १९१५ साली खोपोलीस टाटांच्या वीजगृहाने दाखविले. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. मुळशीला मात्र मावळ्यांची शेते पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये सेनापती बापटांसह ते सत्याग्रहास बसले. तरी धरण झालेच. पुढे कोयनेचे पाणीही बोगद्यांतून पोफळीस उतरले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथील जमीन हादरली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. जलाशयाच्या भाराशी त्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ आजही तपासत आहेत.

या विजेने महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण वीज देऊन झालेले ते पाणी वाशिष्ठीत पडून चिपळूणवरून समुद्रास मिळते. माणदेशातल्या गावांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, आणि त्यानंतरही कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहिली.