शब्द आणि उकिरडा : अंदमानातील शिंपल्यांच्या ढिगांचे वाचन

किनारी वस्त्यांच्या कडेला व गुहांच्या तोंडाशी पिढ्यानपिढ्या साचत गेलेले शिंपल्यांचे ढीग हे प्रागितिहासाचे साधन आहे, ही जाणीव युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजली. १८४८ साली डेन्मार्कमध्ये भूगर्भशास्त्रज्ञ फोर्कहामर, प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो यांची समिती नेमली गेली. हे थर समुद्राने आणून टाकलेले नसून माणसांच्या जेवणातून उरलेले आहेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यांना मिळालेल्या डॅनिश नावाचा अर्थ 'स्वयंपाकघराचा उकिरडा' असा होतो. जॉन लबक यांच्या १८६५ च्या ग्रंथाने ही संज्ञा इंग्रजी अभ्यासविश्वात दृढ केली.

१८७० मध्ये फर्डिनंड स्टोलिच्का यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात हीच संज्ञा अंदमानातील ढिगांना लावली. येथे संज्ञेचे स्थलांतर अर्थांतरही घडवते. डेन्मार्कमधील ढीग रचणारे लोक हजारो वर्षांपूर्वी लुप्त झाले होते. अंदमानात मात्र तोच जीवनक्रम चालवणारे लोक किनाऱ्यावर वावरत होते, आणि ब्रिटिश बंदिवान वसाहत स्थापन होऊन जेमतेम बारा वर्षे झाली होती. एकच शब्द वापरल्याने समकालीन शेजारी 'प्राचीन' ठरले. त्यांची भूमी बळकावली जात असतानाच त्यांना काळाबाहेर ढकलले गेले.

या धारणेला उत्तर त्याच ढिगांत सापडते. १९५० च्या दशकात लिदिओ चिप्रियानी यांनी, तर १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी निगडित झरीन कूपर यांनी येथे उत्खनने केली. चौलदारी येथील ढिगातून मिळालेला कार्बनकालमापनाचा पुरावा सुमारे २,२०० वर्षांपूर्वीपर्यंत पोहोचतो. बाराटांग बेटावरील हावाबिल गुहेतील निक्षेपांचाही अभ्यास झाला. शिंपल्यांतील चुन्यामुळे मातीची आम्लता कमी होते व हाडे टिकतात. म्हणून शंखशिंपल्यांबरोबर डुकरांची हाडे आणि खापरेही हाती येतात. मात्र ढिगाचा काळ म्हणजे माणसांच्या आगमनाचा काळ नव्हे. जनुकीय अभ्यास अंदमानी समूहांचे वेगळेपण याहून कितीतरी मागे नेतात, आणि हिमयुगानंतर चढलेल्या समुद्राने जुने किनारे बुडवले आहेत.

रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९२२ च्या अंदमानविषयक ग्रंथात अनुमानित इतिहास बाजूला ठेवून समाजव्यवस्थेच्या कार्याचा शोध घेतला. लिखित साधने नसलेल्या समाजाबाबत ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण साधने नव्हती असे नाही, ती पायांखाली होती. बाटलीच्या काचेचे छिलके काढून ती वस्तऱ्यासारखी वापरणारे अंदमानी बदल नाकारणारे नव्हते, हेही वांशिक नोंदींतून दिसते.

मराठी वाचकाच्या मनात अंदमान प्रामुख्याने सेल्युलर तुरुंगाच्या रूपाने उभे आहे. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझी जन्मठेप'चा त्यात मोठा वाटा आहे. तुरुंगाच्या भिंतींपलीकडील बेटवासीयांचा इतिहास या प्रतिमेत क्वचितच येतो. २०१० साली बो भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सिनियर निवर्तल्या. त्या भाषेत शिंपल्यांना, भरतीला, चुलीला काय म्हणत, हे आता केवळ अभ्यासकांच्या ध्वनिमुद्रणांतून आणि टिपणांतून शोधावे लागते. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे मराठी म्हण सांगते. अंदमानच्या ढिगांचा पांग फिटायचा तर त्यांना आदिमतेचा पुरावा न मानता, ज्यांची भाषा विझली त्या लोकांचे दप्तर म्हणून वाचावे लागेल.