अक्रोड, कलप आणि जाहिरात

दुकानदाराने लहान मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड फुकट वाटावेत का? इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ज्यू ग्रंथात या प्रश्नावरचा वाद नोंदलेला आहे. रब्बी यहूदांचे म्हणणे, वाटू नयेत. पोरांना त्याच दुकानाची चटक लागते. बाकीच्या पंडितांनी मात्र परवानगी दिली. मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदने त्याचे कारणही सांगितले आहे : हा दुकानदार शेजाऱ्याला म्हणू शकतो, ‘मी अक्रोड वाटतो, तू आलुबुखार वाट.’

भाव पाडून विकण्यालाही यहूदांची हरकत होती. इतरांनी उलट अशा दुकानदाराला दुवाच दिला.

एका बाबतीत मात्र या पंडितांनीही मनाई केली. भरडलेले कडधान्य फक्त कणगीच्या तोंडाशी पाखडून, वरचा थर तेवढा स्वच्छ ठेवायचा, ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळफेक. विकायला काढलेले माणूस, जनावर किंवा जुने भांडे रंगवून नवे भासवायलाही मनाई होती. माणूसही विक्रीच्या यादीत, कारण तेव्हा गुलामांचा बाजार होता.

त्यावरून तालमूदमध्ये एक मजेदार गोष्ट येते. एक म्हातारा दास केस-दाढीला काळा कलप लावून बॅबिलोनियातल्या रावा या पंडिताकडे गेला. ‘मला विकत घ्या.’ रावाने नकार दिला. मग त्याला रव पापा बार श्मुएल यांनी घेतले. एके दिवशी मालकाने पाणी मागितले, तेव्हा या पठ्ठ्याने डोके-दाढी धुऊन पांढरी केली आणि सुनावले, ‘बघा, मी तुमच्या बापापेक्षा थोरला आहे!’

पुढे योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ या संहितेनेही (व्हेनिस, 1565) अक्रोडांना परवानगी दिली आणि रंगरंगोटीला मनाई केली. आज ऑनलाइन जाहिरातीचा विचार करतानाही ज्यू धर्मशास्त्राला याच तरतुदींपाशी यावे लागते. खोटे अभिप्राय किंवा गोदाम भरलेले असताना झळकणारे ‘फक्त दोनच शिल्लक’ हा सरळ कलप झाला. त्यावर फार डोके खाजवायला नको.

अवघड आहे तो अक्रोडांचा प्रश्न. सर्च इंजिनवर शोधशब्दांचा लिलाव होतो. जाहिरातीची जागा मिळवायला बोली लावावी लागते. त्यात फसवणूक काहीच नाही. पण जुन्या परवानगीमागे एक गृहीत होते, की शेजारच्या दुकानदाराला निदान आलुबुखार वाटणे परवडते. गल्लीतल्या दुकानदाराला बड्या कंपनीच्या बोलीपुढे ते परवडत नाही. लिलावापुरता तरी, अल्पमतात राहिलेल्या रब्बी यहूदांचा मुद्दा आज जास्त वजनदार वाटतो.