हरभरा : ओलीवर वाढलेले कूळ

हस्ताचा पाऊस सरून काळ्या रानाला वाफसा आला की देशावरचा कुणबी जे बियाणे पाभरीने भुईत सोडतो, आणि पुढे आभाळातून थेंबही आला नाही तरी ज्याच्याविषयी तो सहसा निराश होत नाही, त्या हरभऱ्याचे मूळ घर विंध्य-सह्याद्रीच्या आसपासच असले पाहिजे असा समज होणे स्वाभाविक आहे. इतके हे पीक आपल्या मातीशी एकजीव झाले आहे. वस्तुतः त्याचे जन्मस्थान येथून फार दूर, तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, तिग्रिस नदीच्या वरच्या खोऱ्यातील मार्दिन आणि दियारबकीर या इलाख्यांच्या डोंगरउतारांवर आहे. हरभऱ्याची सर्वांत निकटची वन्य भावकी आजही केवळ त्याच लहानशा टापूत उगवते. लाडिझिन्स्की या इस्रायली वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये तिचे वर्णन करून ‘सायसर रेटिक्युलेटम’ हे नाव तिला दिले. झाड जमिनीलगत पसरणारे, घाटा पिकला की दाणा भुईवर सांडणारा, आणि त्या काळपट, कोनदार दाण्याच्या सालीवर बारीक जाळी: असे तिचे रूप आहे.

या वन्य हरभऱ्याचा जीवनक्रम आपल्या हरभऱ्याहून अगदी निराळा. पश्चिम आशियात पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या पावसावर तो उगवतो, दीर्घ थंडी सोसतो, आणि ती सोसल्यावाचून त्याला वेळेवर फूल धरत नाही. वायव्य सीरियातील तेल अल-केर्ख येथील उत्खननात सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे हरभऱ्याचे दाणे सापडले आहेत, म्हणजे गहू, जव आणि मसूर यांच्याबरोबरच मानवाने त्यालाही आपल्या पदरी घेतले. परंतु गव्हा-जवाला जो पाऊस मानवला तो याला मानवला नाही. ओल्या हवेत हरभऱ्यावर करपा पडतो. एका बुरशीचा हा रोग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर झाडावरून झाडावर जातो आणि उभे रान काही दिवसांत जाळून टाकतो. शाहाल आब्बो आणि त्यांचे सहकारी यांनी असे प्रतिपादन केले आहे की, या रोगापासून पीक वाचवण्यासाठीच प्राचीन शेतकऱ्यांनी त्याची पेरणी हिवाळ्यातून काढून वसंतात नेली, पाऊस संपल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर ते वाढवले, आणि या ऋतुबदलात ज्या झाडांना थंडीची गरज नव्हती तेवढीच बीजाला टिकली. त्या प्रदेशात आरंभीच्या नवाश्मयुगानंतर काही सहस्रके हरभऱ्याचे अवशेष विरळ होतात आणि ताम्र-कांस्ययुगात पुन्हा भरघोस आढळू लागतात, या कोड्याचा उलगडाही त्यांच्या मते येथेच आहे.

माझ्या मते हरभऱ्याच्या सबंध इतिहासात याहून निर्णायक असे दुसरे काही घडलेले नाही. कारण थंडीचे बंधन तुटलेले आणि सरलेल्या पावसाच्या शिलकीवर जगण्यास सरावलेले हे पीक पूर्वेकडे निघाले तेव्हा दख्खनची काळी जमीन जणू त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसली होती. उत्तर प्रदेशातील अत्रंजीखेडा येथे ते इ.स.पूर्व २००० च्या सुमारास पोचलेले दिसते. आणि प्रवरेच्या काठी नेवाशाला प्राध्यापक सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन झाले, त्यात सातवाहनांच्या आगेमागेच्या थरांतून हरभऱ्याचे दाणे निघाले. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याअखेर येतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणजे सीरियात जे साधण्यासाठी पेरणीचा हंगाम बदलावा लागला, ते येथे ऋतुचक्रानेच सिद्ध ठेवले होते. पावसाळ्यात फुगलेली काळी माती पाणी धरून ठेवते, वरचा थर भेगाळला तरी खाली ओल असते, आणि हरभऱ्याचे सोटमूळ हातभराहून खोल उतरून ती ओल गाठते. त्याच मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून हरभऱ्याचा बेवड शेतकरी मोलाचा मानतो.

या झाडाचा एक गुणविशेष मात्र जवळ जाऊन पाहण्यासारखा आहे. हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर आणि घाट्यांवर सूक्ष्म ग्रंथिल लव असते आणि तिच्या टोकांतून आम्ल पाझरते. मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्ले त्यात मुख्य. हीच आंब. रब्बीच्या ऐन थंडीत संध्याकाळी स्वच्छ धुतलेले सुती फडके पिकावर अंथरतात. रात्रभर पडणारे दव पानांवरची आंब विरघळवून फडक्यात मुरते, आणि दिवस वर येण्यापूर्वी ते फडके मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात पिळून घेतात, कारण धातूच्या भांड्याला ती आंब खाते. वैद्यकात हिला चणकाम्ल म्हणतात. अजीर्णावर आणि पोटदुखीवर ती पाण्यातून देण्याची रीत जुनी आहे. अनवाणी पायांनी त्या रानातून फिरले तर पोटऱ्या चुणचुणतात. महिन्याभराच्या पिकाचे शेंडे खुडले की त्याला फुटवे अधिक फुटतात, आणि खुडलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. ती भाजी जाणत्या बायका धूत नाहीत, कारण धुतली की आंब जाते आणि आंब गेली की चव गेली. तीच उन्हात वाळवून चुरून ठेवली म्हणजे उन्हाळ्यातल्या भाजीच्या टंचाईत घर तिच्यावर निभावते. पुढे घाटे भरले की सोलाणे, आणि त्यानंतर बांधावर काट्याकुट्यांच्या जाळात डहाळ्यांसकट भाजलेला हुळा! इतक्या अवस्थांत माणसाचे पोट भरणारे दुसरे कडधान्य मला तरी ठाऊक नाही.

आपला हा तांबूस, कोनदार, जांभळ्या फुलाचा देशी हरभरा कुळात थोरला. पांढऱ्या फुलाचा, फिकट आणि टपोरा काबुली धाकटा, दाण्याचा रंग गमावून निराळा झालेला. त्याचे आगमन अठराव्या शतकातले असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त रब्बी धान्यांचे जे भाव नमूद आहेत त्यांत मणास गहू १२ दाम, काबुली चणा १६ दाम आणि काळा चणा ८ दाम अशी नोंद आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगली बाजारात तो होता, आणि देशी चण्याच्या दुप्पट भावाने विकला जात होता. स्वस्त काळा चणा मोठ्या प्रमाणावर पागेकडे जाई. भिजवलेला हरभरा तोबऱ्यात घालून घोड्याच्या तोंडाला बांधणे, हीच चंदी. घोडदळावर उभ्या असलेल्या राज्यात या चंदीची तरतूद हा मुलकी कारभाराचाही विषय होता. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवछत्रपतींनी जे प्रसिद्ध पत्र पाठवले, त्यात दाणा आणि वैरण आताच उधळली तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि रयतेलाही उपद्रव होईल, अशी सक्त ताकीद आहे.

माणसाच्या पानात हरभऱ्याने त्याच्या कितीतरी आधी मानाचे स्थान मिळवले होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात चण्याच्या पिठाचे पदार्थ आहेत; तेव्हा पुरण, पिठले, झुणका यांच्यामागे दख्खनच्या स्वयंपाकघरातील किमान आठ-नऊ शतकांचा अनुभव उभा आहे, असे निःशंकपणे म्हणता येईल.

आज जगातील हरभऱ्यापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक भारतात पिकतो. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पिकाने देशातल्या देशात पुन्हा एक स्थलांतर केले. पंजाब-हरियाणाच्या रानांत कालव्याचे आणि विहिरींचे पाणी आले, तेथे गव्हाने हरभऱ्याला बाहेर काढले, आणि तो मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि आंध्र यांच्या कोरडवाहू जमिनींत उतरला. दक्षिणेतला हिवाळा तोकडा आणि सौम्य, म्हणून लवकर पिकणारे आणि मर रोगाला दाद न देणारे वाण हवे होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘विजय’ दिला, आणि जबलपूरचे कृषी विद्यापीठ व पाटणचेरूची इक्रिसॅट ही संस्था यांच्या सहकार्यातून ‘जे.जी. ११’ निघाला. या दुसऱ्या वाणाने आंध्रचा नकाशा पालटला: प्रकाशम जिल्ह्यातील ज्या काळ्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू होत असे, तेथील पुष्कळ शेतकरी तंबाखू सोडून हरभरा पेरू लागले.